स्पॅनिश लसूण-झिंगे नागपुरात घरी: कोणता माल, किती तेल, किती आच

शून्यमैल (धागाकर्ता)

हॉटेलात ‘गार्लिक प्रॉन्स’ म्हणून जे येतं त्यात बटर, कॉर्नफ्लॉवर आणि बहुतेकदा सोया सॉस असतो. माद्रिदच्या बारमध्ये मातीच्या छोट्या भांड्यात, तेल अजून उकळत असताना जे ‘गांबास अल आखियो’ समोर आणून ठेवतात, त्यात यातलं काहीच नसतं. ऑलिव्ह तेल, लसूण, सुकी लाल मिरची, झिंगे, मीठ, वरून पार्सली. कुणी शेरी (स्पॅनिश वाइन) किंवा ब्रँडी शिंपडतं, कुणी चिमूटभर धुरावलेली पाप्रिका (लाल मिरचीची पूड) टाकतं. सामान इतकं मोजकं की एक वस्तू हलकी निघाली तरी लगेच कळतं. धागा फक्त याच पदार्थाचा आहे. ‘क्रीम टाकली तर?’साठी वेगळा काढा.

दोघा-तिघांसाठी: सोललेले झिंगे ३०० ग्रॅम (डोक्यासकट घेतले तर ६०० ग्रॅमच्या आसपास), ऑलिव्ह तेल १२० मिली, लसूण ४० ग्रॅम, सुक्या मिरच्या २, मीठ अर्धा छोटा चमचा, बारीक चिरलेली पार्सली २ मोठे चमचे. शेरी घालायची तर २ मोठे चमचे.

झिंगे सोलून, पाठीवरचा काळा दोरा काढून, धुऊन कापडावर पसरा आणि दुसऱ्या कापडाने वरून दाबून टिपा. ही पायरी घाईत उरकली की पुढचं सगळं बिघडतं. मग मीठ चोळून झाकण न ठेवता २० मिनिटं फ्रिजमध्ये. सुमारे २० सेंटिमीटरच्या जाड बुडाच्या पॅनमध्ये गार तेल आणि लसणाचे काप एकत्र घालून सगळ्यात बारीक आचेवर ठेवा. सहा-आठ मिनिटांत कापांभोवती बारीक बुडबुडे येतात, काप मऊ होतात आणि कडा पिवळसर दिसू लागतात. आता मिरच्या घाला, अर्ध्या मिनिटाने आच मोठी करा आणि झिंगे एका थरात सोडा. ४५ ते ६० सेकंद हात लावू नका. उलटा, आणखी ३०-४० सेकंद, गॅस बंद. शेरी, पार्सली, ताबडतोब ताटात.

तेल जास्त वाटेल, पण कमी करू नका. यात तेल हाच रस्सा.

गोकुळपेठी

कृती कळली. पण नागपूरला समुद्र कुठून आणायचा? बाजारात जे मिळते त्यातले या कामाचे कोणते, ते सांगा. आणि किती मोठे?

पेंचकर

मंगळवारी बाजार असो की भोईपुरा, टोपल्यात जे करडे-पांढरट, पातळ टरफलाचे झिंगे दिसतात ते बहुतेक व्हॅनामेई. आंध्रातल्या तळ्यांमधले, थर्माकोलच्या पेटीत बर्फात येतात. भारतात ही जात २००९ पासून पाळतात, आता शेतीतला बहुतेक झिंगा हाच. या पदार्थाला तो चालतो. चव सौम्य असते, पण आकार सारखा असतो आणि सगळे एकदम शिजतात, हा मोठा फायदा. शेतीचा माल असल्यामुळे बंदीच्या काळातही मिळते. (पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारी बंद असते, तेव्हा समुद्राचा ताजा माल म्हणून कोणी काही विकत असेल तर जरा थांबून विचारा.)

मोठेपणा ‘काउंट’वर विचारा. ३० काउंट म्हणजे किलोत ३० नग, एकेक ३३ ग्रॅमचा. ४० काउंट म्हणजे २५ ग्रॅमचा. याला ४० ते ५० काउंट बरोबर. सोलल्यावर १०-१३ ग्रॅमचा राहते. ८०-१०० काउंटचे स्वस्त पडतात, पण लसणाचा वास धरायच्या आधीच ते शिजून कडक होतात.

ताजेपणा असा बघा: डोकं धडाला घट्ट, टरफल चकचकीत, आणि नाकाला अमोनियाचा झणका नको. झणका आला की भाव करायला उभंसुद्धा राहू नका. डोक्याजवळ किंवा टरफलावर काळे डाग मात्र सडल्याचे नसतात नेहमी. कापलेलं सफरचंद काळं पडते तसाच प्रकार आहे. डाग आणि वास दोन्ही असेल तर नको, नुसता डाग असेल तर सोलल्यावर आतला झिंगा पाहून ठरवा.

मे महिन्यात ४५ अंशांत बाजार ते घर अर्धा तास लागत असेल तर बर्फाची पिशवी घरूनच न्या. दुकानदार वरून टाकते तो बर्फ सदर भागातून निघेपर्यंत पाणी होते आणि झिंगे त्या पाण्यातच पोहत घरी येतात.

वैनगंगाकाठ

गोड्या पाण्यातले विसरलात भाऊ. भंडारा-गोंदियाच्या तलावांतून आणि वैनगंगेतून जे लांब निळसर नांग्यांचे झिंगे येतात, ते चवीला व्हॅनामेईपेक्षा गोड. फक्त त्यांचे दोन नियम आहेत.

एक, वजनाचा हिशेब. डोकं फार मोठं. डोकं-नांग्या काढल्या की जवळपास निम्मं वजन उरतं, टरफल काढलं की त्याहून कमी. ३०० ग्रॅम गर पाहिजे तर ८०० ग्रॅमच्या खाली घेऊ नका.

दोन, आणि हे महत्त्वाचं: डोकं आणल्याबरोबर तोडा. या झिंग्यांच्या डोक्यात पचनाची जी ग्रंथी असते तिच्यातले एन्झाइम मेल्यानंतर धडात उतरतात आणि मांस आतून पचवत जातात. म्हणून सकाळी आणलेला झिंगा डोक्यासकट फ्रिजमध्ये ठेवून रात्री शिजवला की पिठूळ लागतो आणि लोक दोष स्वयंपाकाला देतात. बाजारातच तोडून घेतलं तर उत्तम. डोक्यातला तो पिवळा-केशरी भाग धडाला लागलेला दिसला तर लगेच धुऊन टाका.

पिठूळ झालेला झिंगा कशानेच सुधरत नाही. त्याचे कटलेट करा.

बुटीबोरी_पार

सुकट भिजवून केली तर?

पेंचकर

ना बाप्पा. सुकटीला कांदा, लाल तिखट अन् भाकर. तिला ऑलिव्ह तेलात बुडवून दोघांचंही वाटोळं करू नका.

ताईची_चूल

माझा प्रश्न फ्रोझन पाकिटाचा. झिंगे टाकले की पॅनमध्ये पाणीच पाणी होतं, तेल पांढरट दिसतं, झिंगे तळले न जाता उकडतात. कोरडे पुसूनही हेच. कारण काय?

लोखंडीतवा

ताई, कारणं तीन, आणि पाकिटातल्या मालात बहुधा तिन्ही एकदम असतात.

पहिलं, बर्फाचं कवच. प्रत्येक झिंग्यावर पाण्याचा थर चढवून गोठवतात. पाकिटावर ‘निव्वळ वजन’ वेगळं छापलेलं असेल तर तेच धरा. वितळवताना गरम पाण्यात टाकू नका. चाळणीत, चाळणीखाली वाडगा, रात्रभर फ्रिजमध्ये. घाई असेल तर बंद पिशवीत घालून गार पाण्यात अर्धा तास, मधे पाणी एकदा बदला.

दुसरं, फॉस्फेट. घटकांच्या यादीत ‘सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट’ किंवा ‘४५१’ असा आकडा दिसला की समजा झिंग्याला पाणी पाजलेलं आहे. ते पाणी पुसून निघत नाही, आचेवरच सुटतं. अशा मालाला उपाय एकच: दुसरं पाकीट. यादीत फक्त ‘झिंगे, मीठ’ असं हवं.

तिसरं, गर्दी. ३०० ग्रॅम गार झिंगे १२० मिली तेलात एकदम पडले की तेल धप्पकन थंड होतं. वर चढायला दीड मिनिट घेतलं, तर तेवढ्यात झिंगे स्वतःच्या पाण्यात शिजून मोकळे. म्हणून फ्रिजमधून पाच-दहा मिनिटं आधी बाहेर काढा (उन्हाळ्यात पाचच), आणि बर्नर छोटा असेल तर दोन घाण्यांत करा. पहिला घाणा अर्धवट शिजला की झाऱ्याने काढून ठेवा, दुसरा झाला की पहिला परत घालून गॅस बंद.

आणि पाकिटातले गुलाबी झिंगे आधीच उकडलेले असतात. करडे, कच्चेच घ्या. शिजलेला झिंगा पुन्हा शिजवला की रबर.

गोकुळपेठी

चिमूटभर खायचा सोडा लावला तर कुरकुरीत राहतात म्हणतात. खरं का?

लोखंडीतवा

कुरकुरीत नाही, दाताखाली ‘कट्’ होतात. सोड्याने झिंग्याचा पृष्ठभाग जरा अल्कधर्मी होतो, त्यामुळे आचेवर प्रथिनं कमी आवळतात आणि आतलं पाणी आतच राहतं. ३०० ग्रॅमला सपाट पाव छोटा चमचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ एकत्र चोळून १५-२० मिनिटं. (हेच मीठ, वरच्या कृतीतलं वेगळं घालायचं नाही.) अर्धा चमचा सोडा झाला की साबणाची चव.

शून्यमैल

ताज्या मालाला सोड्याची गरज नाही असं माझं ठाम मत. व्हॅनामेईला, विशेषतः गोठवलेल्याला, लावा. गोड्या पाण्याच्या झिंग्याला तर अजिबात नको. तो आधीच मऊ असतो.

लोखंडीतवा

मान्य. आता लसणावर येतो, कारण नव्वद टक्के लोक इथेच घसरतात.

बारीक गावरान लसूण उग्र असतो, पाकळ्या लहान, काप करायला कटकट. पण या पदार्थाला तोच खरा. मोठ्या पाकळ्यांचा लसूण सौम्य, कापायला सोपा. तो घेतला तर ४० ऐवजी ५० ग्रॅम. सोललेला पिशवीतला लसूण आणि बाटलीतली पेस्ट दोन्ही बाद. पेस्टमध्ये व्हिनेगर किंवा आम्ल असतं, तेलात ती तडतडते आणि तळाला चिकटून जळते.

लसूण तीन तऱ्हेने वापरला तर चव तिप्पट खोल होते. दोन पाकळ्या ठेचून, एक मोठा चमचा तेल घालून झिंग्यांना मुरवणात चोळा. ठेचला की लसणाचा तिखट वास मोकळा होतो, तो झिंग्यात जातो. चार पाकळ्या नुसत्या दाबून तेलात मंद शिजवा, त्या गोड होतात. उरलेल्यांचे काप. काप एका जाडीचे हवेत, साधारण दोन मिलिमीटर. जाड-पातळ असले की पातळ जळतो तेव्हा जाड कच्चा असतो.

आणि रंग. झिंगे टाकताना लसूण सोनेरी असेल तर उशीर झाला. तो फिका, हस्तिदंती, कडांना नुसता पिवळेपणा आलेला असतानाच झिंगे पडले पाहिजेत. पुढच्या दीड मिनिटात मोठ्या आचेवर तो सोनेरी होतो, आणि भांडं उतरल्यावरही तेल गरम असल्याने आणखी एक छटा चढते. तपकिरी झालेल्या लसणाचा कडूपणा सगळ्या तेलात उतरतो, काप वेचून काढूनही जात नाही. तेल फेकायचं आणि नव्याने सुरू करायचं, दुसरा मार्ग नाही.

सीताबर्डी_लोकल

डोकी आणि टरफलं फेकायची नाहीत हे कोणी सांगितलंच नाही अजून! ती कोरडी पुसा (ओली असली तर तेल अंगावर उडतं), १४० मिली तेलात मंद आचेवर दहा मिनिटं परता. तेल केशरी होतं. चमच्याने डोकी दाबत गाळून घ्या, १२० मिलीच्या आसपास मिळतं. ते पूर्ण गार होऊ द्या आणि मग त्यातच लसणाचे काप घालून पुढची कृती. व्हॅनामेईच्या सौम्यपणावर हा सगळ्यात मोठा उतारा आहे.

मिरचीभिवापुरी

मिरचीचं मी सांगते. तिकडे गिंदिया नावाची बारीक सुकी मिरची टाकतात, तिखट पण बेताची. आपल्याकडे घरात भिवापुरी असतेच. तिचा तिखटपणा जास्त, म्हणून ३०० ग्रॅमला एकच, आख्खी, फक्त एक चीर देऊन आणि बिया झटकून. तुकडे केले की बिया तेलात फिरतात, जळतात, आणि मग लसणाची चव मागे जाऊन सावजी झाल्यासारखं वाटतं. सावजी मला आवडते, पण सावजीच्या ठिकाणी. रंग हवा तर एक बेडगी जोडीला.

मिरची लसणाबरोबर पहिल्यापासून घालू नका. सुकी मिरची तेलात जास्त वेळ राहिली की काळी पडते.

धुरावलेली पाप्रिका स्पेनच्या एस्त्रेमादुरा भागात ला व्हेरा इथली, ओकच्या लाकडावर मिरच्या वाळवून करतात. मिळाली तर पाव छोटा चमचा, आणि गॅस बंद केल्यावरच. नसेल तर सोडून द्या. घरच्या लाल तिखटाने ती जागा भरत नाही.

बुटीबोरी_पार

ऑलिव्ह तेल महाग आहे ना. अर्धं फल्ली (शेंगदाणा) तेल चालते का?

शून्यमैल

शिजायला शिजेल, पण शेवटी पावाबरोबर खायचं ते हेच तेल. फल्लीचा वास लसणाच्या बरोबरीने वर येतो. पैसे वाचवायचेच तर ६० मिली ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ आणि ६० मिली साधं, वास नसलेलं सूर्यफूल. ‘पोमेस’ (चोथ्यातून काढलेलं) लिहिलेलं ऑलिव्ह तेल नावालाच ऑलिव्ह, त्यापेक्षा सूर्यफूल बरं.

एक्स्ट्रा व्हर्जिन गरम करू नये ही भीती इथे लागू नाही. त्याचा धूर साधारण १९० अंशांच्या पुढे निघतो. लसणातलं पाणी निघत असतं तोवर तेल त्याच्या बरंच खाली असतं. धूर दिसला म्हणजे लसूण केव्हाच गेलेला आहे.

बटर नको. त्यातल्या दुधाच्या कणांना लसणाआधी जळायची घाई असते.

ताईची_चूल

मातीचं भांडं घ्यायचं झालं तर कुंभाराकडचं साधं चालेल का? गॅसवर फुटतं का?

वैनगंगाकाठ

बिनचकाकीचं, जाड बुडाचं घ्या. रंगीत चकचकीत भांडं स्वयंपाकाचंच आहे अशी खात्री नसेल तर नको, त्या चकाकीत शिसं असू शकतं. नवं भांडं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, मग पूर्ण वाळवा. गॅसवर थेट नाही, खाली लोखंडी तवा ठेवा आणि आच पाच-सात मिनिटांत हळूहळू वाढवा. फुटतं ते आचेने नाही, एकदम बदलाने: गरम भांड्यात गार शेरी ओतली किंवा ओल्या ओट्यावर टेकवलं की चीर गेलीच. लाकडी पाटावर उतरवा. इंडक्शनवर चालत नाही.

भांडं उतरवल्यावरही तेल दोन मिनिटं उकळत राहतं, म्हणून झिंगे थोडे कच्चे असतानाच गॅस बंद. मधोमध अजून जरा काचेसारखं दिसतंय, तेवढ्यावर.

हे सगळं नको तर बिडाचा छोटा पॅन घ्या. तोही आच धरून ठेवतो आणि फुटत नाही.

गोकुळपेठी

शिजले हे ओळखायचं कसं नक्की?

लोखंडीतवा

इंग्रजी ‘सी’सारखा वळला, गुलाबी आणि अपारदर्शक झाला: झाला. शेपटी डोक्याकडच्या टोकाला टेकून पूर्ण गोल झाला: जास्त झाला. थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड भागात ६० ते ६३ अंश. पाठीला खोल चीर दिली असेल तर आकारावर जाऊ नका, चिरलेला झिंगा लवकर उलगडतो. दोरा काढायला चीर लागतही नाही. डोक्याकडून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या मधे दातकोरणी खुपसून वर उचला, दोरा आख्खा येतो.

बुटीबोरी_पार

आम्ही वर्धेला राहतो. शेरी सोडा, इथे काहीच मिळत नाही.

सीताबर्डी_लोकल

दारूबंदी या पदार्थाच्या आड येत नाही. टरफलांचं तेल गाळल्यावर तीच टरफलं पाऊण वाटी पाण्यात दहा मिनिटं उकळा, गाळा, आटवून दोन मोठे चमचे करा, त्यात अर्धा छोटा चमचा निंबाचा रस. शेरीच्या जागी हे. नागपूरवाल्यांना शेरी नसेल तर नाशिकची कोरडी पांढरी वाइन घ्या, गोड नको. काहीही ओतायचं ते गॅस बंद करून. पेटत्या बर्नरवर गरम तेलात ओतलं तर भडका उडतो.

निंबू लसणावर आधीच पिळलं तर लसूण कधीकधी हिरवा-निळा होतो. खराब झालेला नसतो, पण दिसायला भयंकर. निंबू शेवटी.

मिरचीभिवापुरी

आणि संत्र्याचा रस? सीझन आहे म्हणून विचारते.

शून्यमैल

नागपूरकर कुठेही संत्रं घालायचं सोडणार नाहीत. रस नको, गोडवा तेलाला गिळगिळीत करतो. सालीचा वरचा केशरी भाग किसून दोन चिमटी, पार्सलीबरोबर. पांढरा भाग आला तर कडू. मूळ पदार्थात नाही, पण वाईट लागत नाही एवढंच म्हणतो.

ताईची_चूल

पार्सलीऐवजी सांभार (कोथिंबीर)?

शून्यमैल

सांभाराचा वास लसणाला झाकतो. घालायचाच तर फक्त कोवळ्या पानांचा एक चमचा, काड्या नको. पार्सली गोकुळपेठ बाजारात मिळते.

पेंचकर

सोबत पाव म्हणाल तर लादीपाव लोण्यासारखा मऊ, तेलात बुडवला की चिखल होते. कडक सालीचा ब्रेड तिरका, दीड सेंटिमीटर जाड कापून कोरड्या तव्यावर भाजा, तेल-तूप न लावता. त्याहून चांगलं सुचवतो: रोडगे. बाहेरून कडक, आतून घट्ट. गरम असतानाच फोडा, फोडलेल्या बाजूने तेलात टेकवा. तूप सोडायचं नाही त्या दिवशी.

गोकुळपेठी

उरलेलं लसणाचं तेल बरणीत भरून ओट्यावर ठेवलं तर?

लोखंडीतवा

अजिबात नाही. तेलाखाली हवा नसते, लसूण जमिनीतून येतो, आणि बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जिवाणूला तेवढंच पुरतं. वास किंवा रंग बदलून ते कळतही नाही. गाळून, गार होताच फ्रिजमध्ये, आणि यात झिंग्यांचा रसही आहे म्हणून दोन दिवसांत संपवा. गरम भातावर किंवा उकडलेल्या आलूवर घाला. झिंगे मात्र त्याच वेळी खा, पुन्हा गरम केले की पुन्हा रबर.

ताईची_चूल

रविवारी आठ जण आहेत. सगळं तिप्पट करून एकाच मोठ्या कढईत चालेल ना?

लोखंडीतवा

झिंगे आणि लसूण तिप्पट, तेल अडीचपट पुरे, म्हणजे ३०० मिली. कढई खोल असते, झिंगे एकावर एक पडतात, तेव्हा रुंद पसरट पॅन घ्या. तीन घाणे करा, प्रत्येकी ३०० ग्रॅमचे. लसूण फिका असतानाच काप झाऱ्याने वेगळे काढा, नाहीतर तिसऱ्या घाण्यापर्यंत ते कोळसा होतील. प्रत्येक घाण्याआधी तेल पुन्हा तापू द्या: एक झिंगा टाकून बघा, जोरात तडतडला तर बाकीचे सोडा. शेवटी सगळे झिंगे आणि काप एकत्र परत घालून अर्धा मिनिट. मीठ तेव्हा चाखूनच घाला, तळाशी सुटलेल्या रसात आधीच्या दोन घाण्यांचं मीठ उतरलेलं असतं.